घरात बनलेली गाडी

देगलूर नाक्याजवळ आमच्या अब्बांचं डेंटिंगचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाला बांधलेली साखळी-चैन. मी तिसरी-चौथीत असेन. एके दिवशी तिथं एक विचित्र गाडी आली. दोनच दारं, खोक्यासारखा आकार, आणि नाव डॉल्फिन. डाव्या बाजूला एका ट्रॅक्टरची ट्रॉली घासून गेली होती. अब्बांनी सवयीने हातोडी उचलली, पत्र्याच्या मागून दोन ठोके दिले आणि थांबले. बोटाने टकटक केलं, आवाज ऐकला, आणि म्हणाले, "ये पत्रा नै है रे. ये तो प्लास्टिक जैसा कुछ है."

ते फायबर होतं. पत्रा ठोकून सरळ करता येतो, फायबर ठोकलं की तडकतं. अब्बांनी हैदराबादहून काचेच्या धाग्याची चटई आणि रेझिन मागवलं, आतून थर दिले, वरून पुट्टी भरली. आठवडा गेला. पैसे दोन दिवसांच्या कामाचेच मिळाले. पण पुढे कित्येक वर्षं ते त्या गाडीबद्दल बोलत. "पूरी गाडी साच्यात ओतलेली. मोठा कारखाना नको, मोठा प्रेस नको. आपण चार मिस्त्री मिळून करू शकलो असतो."

मी बीएड करून मास्तर झालो. उर्दू आणि मराठी शिकवतो. गाड्यांशी माझा संबंध जुन्या दुचाकीपुरताच. पण गेल्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थ्याने घराच्या अंगणात चार चाकांची गाडी बनवली, ती घेऊन तो माझ्या दारात आला, आणि अब्बांचं ते वाक्य चाळीस वर्षांच्या धुळीतून वर आलं. मग मी वाचत सुटलो. त्यातून हा लेख.

आधी ती डॉल्फिन कुठून आली ते सांगतो. इंग्लंडात टॅमवर्थ नावाच्या गावात रिलायंट नावाची कंपनी होती (आपल्या रिलायन्सशी काही संबंध नाही). 1935 साली सुरू झाली, आणि तिचं पोट भरलं तीनचाकी गाड्यांवर. तिकडे हलक्या तीनचाकीला मोटारसायकलसारखा कमी कर लागे, आणि मोटारसायकलच्या लायसन्सवर ती चालवता येई. खाणकामगार, छोटे दुकानदार यांची ती गाडी. पत्र्याच्या बॉडीसाठी अवजड प्रेस आणि डाय लागतात. लाखभर गाड्या विकल्या तरच त्यांचा खर्च निघतो. रिलायंटला ते शक्य नव्हतं, म्हणून ती फायबरकडे वळली. तिचीच एक चारचाकी होती किटन, 1975 ते 1982 या काळातली, 848 सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन असलेली. तिच्यावरून बंगळुरूच्या सिपानींनी डॉल्फिन काढली, 1982 च्या सुमारास. सिपानींनी त्याआधी बादल नावाची तीनचाकी अंड्यासारखी गाडी काढून पाहिली होती. डॉल्फिन हलकी होती, पळायची, रॅलीत नाव कमवून गेली. पण दोन दारं आपल्या कुटुंबांना परवडत नाहीत. मागे बसायला नऊवारीतल्या आजीने कसं चढायचं?

इंग्लंडात रिलायंटहूनही लहान कारखाने होते, दहा-पंधरा माणसांचे, आणि ते गाडी विकतच नव्हते, गाडीचं सामान विकत होते. चॅसी, बॉडी, वायरिंग एका लाकडी खोक्यात. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या फोर्डचा नाहीतर ऑस्टिनचा काढायचा आणि घरी बसून जोडायचं. याला तिकडे किट कार म्हणतात. ही पद्धत नुसत्या शौकातून आलेली नाही, ती करातून आली. 1940 पासून ब्रिटनमध्ये नव्या वस्तूंवर खरेदी कर होता. तयार गाडीवर तो भारी बसे, सुट्या भागांवर नाही. कॉलिन चॅपमन या इंजिनिअरने 1957 मध्ये लोटस सेव्हन नावाची गाडी काढली, ती बरेच लोक खोक्यातूनच घेत. नियम असा होता की सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर ते सामान 'गाडी' ठरेल आणि कर लागेल. म्हणून चॅपमनने गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली, गिऱ्हाइकाने ती शेवटून पहिल्या पानापर्यंत वाचायची, असा किस्सा तिकडे अजून हसत सांगतात. 1973 मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि खोक्याचा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्याने घेतले. ती गाडी आजही बनते. अशा छोट्या कारखान्यांत काही टिकले, बहुतेक बुडाले, पण बुडाले ते बाजारात. बनवायचीच नाही, असं त्यांना कोणी सांगितलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. आणि इथे मला इचलकरंजीला जावं लागतं, नांदेडला नाही.

शंकरराव कुलकर्णी हे नाव मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. मराठी शाळेच्या कुठल्याही पुस्तकात मी ते शिकवलेलं नाही. शिक्षण सातवीपर्यंत. गाव इचलकरंजी, मागांचं गाव, जिथं प्रत्येक गल्लीत लेथ आणि प्रत्येक आळीत ओतकाम. शेजारी कोल्हापूर, जिथं उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून आदराने घेतात. अशा मुलखात 1945 साली शंकररावांनी ठरवलं की सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार आपण बनवायची. देश स्वतंत्र व्हायचा होता. 1949 मध्ये त्यांची पहिली दोन माणसांची गाडी तयार झाली. तिचं नाव मीरा.

मीरावर एमएचके 1906 असा नंबर होता. हा नंबर मी मुद्दाम लिहितोय. तो पुढे लागणार आहे.

शंकरराव एका गाडीवर थांबले नाहीत. पंचवीस-तीस वर्षं ते एकामागून एक मॉडेल करत राहिले, दोन सीटांपासून कुटुंब मावेल अशा गाडीपर्यंत. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारं. कशासाठी, ते माझ्या विद्यार्थ्याने मला समजावलं. इंजिन मागे असलं की मागच्या चाकांपर्यंत ताकद न्यायला गाडीखालून लांब दांडा लागत नाही. वजन वाचतं, पैसा वाचतो, पायाखालची जागा सपाट मिळते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर नको, पंप नको, पाणी नको. मे महिन्यात नांदेड-लातूर रस्त्यावर बॉनेट उघडून, हातात तांब्या घेऊन उभी राहिलेली माणसं ज्याने पाहिली आहेत त्याला याची किंमत कळेल. आणि सस्पेन्शनला शंकररावांनी लोखंडी पाट्यांऐवजी रबर वापरलं. रबर हलकं, स्वस्त, त्याला ग्रीस लागत नाही. ब्रिटनमध्ये 1959 साली निघालेल्या मिनी या गाडीतही रबरच होतं. तिच्यासाठी इसिगोनिस यांच्यासारखा नावाजलेला डिझायनर आणि त्यामागे एक अख्खी कंपनी होती. इथे सातवी शिकलेला माणूस त्याच वाटेवर होता.

1970 च्या सुमाराला मीरा 12,000 रुपयांत देण्याचा त्यांचा हिशेब होता. पण विकण्यासाठी लायसन्स हवं. 1951 च्या उद्योग कायद्यानुसार कोण काय बनवणार आणि किती बनवणार हे दिल्ली ठरवत असे. 1953 नंतर फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. गिऱ्हाइकासमोर ॲम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढीच नावं उरली. स्वस्त छोटी गाडी हवी, असं सरकारच्या समित्यासुद्धा म्हणत होत्या. 1960 ची झा समिती त्यातलीच. समित्या झाल्या, अहवाल झाले, आणि 1970 मध्ये वर्षाला 50,000 छोट्या गाड्या बनवण्याचं इरादापत्र मिळालं ते पंतप्रधानांचे चिरंजीव संजय गांधी यांना. ती मारुती त्या काळात रस्त्यावर आलीच नाही. जी आली ती 1981 मध्ये सरकारने नवी कंपनी काढून, जपानच्या सुझुकीला सोबत घेऊन, डिसेंबर 1983 मध्ये. तोवर मीराचं काम थांबलं होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी, नाहीतर लेख रडगाणं होईल. लायसन्स मिळालं असतं तर मीरा चालली असतीच असं मी म्हणणार नाही. एक गाडी बनवणं आणि एकसारख्या दहा हजार गाड्या बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला हात लागतो, दुसऱ्याला भांडवल, पुरवठादार, विक्रेते, गावोगाव सुटे भाग. डॉल्फिनला लायसन्स होतं, तरी ती मारुतीपुढे टिकली नाही. पण पन्नास हजार नाही तर शून्य, यांच्यामधली जागाच आपल्या कायद्याने ठेवली नव्हती. वर्षाला दोनशे गाड्या, कोल्हापूर-सांगलीपुरत्या, असं काही असू शकतं हे दिल्लीतल्या कुणाच्या मनात आलं नसावं. इंग्लंडात तेच तर चाललं होतं.

पुढे उदारीकरण झालं आणि ती जागा थोडी उघडली. पण तोवर छोटी गाडी ही मोठ्या कंपन्यांची झाली होती, आणि छोट्या कारखान्यांकडे श्रीमंतांचा शौक उरला. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरची दोन सीटर निघाली, फ्रान्सच्या रेनॉचं इंजिन घालून. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स आहे, बोथे दांपत्याने 2003 मध्ये सुरू केलेली. त्यांची रोडस्टर म्हणजे त्याच लोटस सेव्हनची चुलत बहीण: नळ्यांची चौकट, फायबरची बॉडी, आणि इंजिन 1.8 लिटरचं इसुझू, जे आपल्या ॲम्बेसेडरमध्ये असायचं. म्हणजे पोलादी पोटात कलेक्टरची ॲम्बेसेडर आणि वरून विलायती शर्यतीची गाडी. मला ती फार आवडली. पण तिच्यात बसून कोणी मोंढ्यात ज्वारी विकायला जाणार नाही. शंकररावांना जी गाडी हवी होती ती ही नव्हे.

मराठवाड्यात कोणी शंकरराव का झाला नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. हात नव्हते असं नाही. आपण 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होतो. त्या संस्थानात 1932 साली रेल्वेच्या जोडीने सरकारी बससेवा सुरू झाली, 27 गाड्यांनिशी. त्या अल्बियन कंपनीच्या, स्कॉटलंडमधून आलेल्या. 1942 मध्ये हैदराबादला ऑल्विन मेटल वर्क्स उभा राहिला: संस्थानचा इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड आणि अल्लाउद्दीन अँड कंपनी यांची भागीदारी. तिथं बसच्या बॉडी बांधल्या जात. चॅसी विलायती, वरचं सगळं देशी. मोठ्या प्रमाणावर पाहिलं तर हीसुद्धा किट कारच म्हणायची. अब्बांचे उस्ताद हैदराबादलाच बॉडीचं काम शिकले होते. नांदेडला उस्मानशाही मिल होती, तिच्या फिटरांनी शिकवलेली पोरं पुढे गावभर लेथ घेऊन बसली.

पण हैदराबाद ही आमची राजधानी 1956 मध्ये दुसऱ्या राज्यात गेली. कारखाना तिकडे राहिला, कारागीर इकडे. आणि इकडे त्यांच्या हाताला दुरुस्तीचं काम उरलं. ट्रक, ट्रॅक्टर, काळी-पिवळी, टमटम. जे मोडलंय ते जोडायचं. नवीन बनवायचं नाही. मी पाहिलेल्या गॅरेजांत शागिर्द बहुतेक मुसलमान पोरं, सातवी-आठवीत शाळा सोडलेली. सच्चर समितीने 2006 मध्ये लिहिलं की मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वतःच्या धंद्यात आहेत, पगारी नोकरीत कमी. अहवालात ते वाक्य कोरडं वाटतं. मला त्यात काळी नखं आणि डिझेलचा वास येतो. मी याच पोरांच्या घरी जाऊन सांगत आलोय की गॅरेजला पाठवू नका, शाळेत पाठवा. ते बरोबरच होतं. पण सांगताना माझ्या आवाजात गॅरेजबद्दल एक तुच्छता असायची, ती कुठून आली होती? माझ्या फीचे पैसे त्याच हातोडीतून आले होते.

आता त्या पोराविषयी. तो लातूर जिल्ह्यातला, आमच्या शाळेत मामाकडे राहून शिकला. दहावीला 58 टक्के. लातूर म्हटलं की लोकांना लातूर पॅटर्न आठवतो, नीटचे गुण आठवतात, शिकवणीच्या गल्ल्या आठवतात. 58 टक्क्यांचं लातूर कोणाला आठवत नाही. त्याने आयटीआयला वेल्डरचा कोर्स केला. मग घरी बसून, भंगारातून, सात महिन्यांत गाडी बनवली. मागचा अर्धा भाग रिक्षाचा: इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल. स्टिअरिंग जुन्या मारुतीचं. चौकट चौकोनी पाइपची, स्वतः वेल्ड केलेली. बॉडी पत्र्याची, कारण फायबर महाग पडलं. खर्च सगळा मिळून एका बऱ्या मोबाइलइतका. त्याच्या वडिलांचा एक पाय अधू आहे. दुचाकी चालवता येत नाही. त्यांना शेतावर जाता यावं म्हणून ही गाडी.

नंबर मिळतो का विचारायला आम्ही दोघं एका कार्यालयात गेलो. समोरचा माणूस वाईट नव्हता. गाडीचा फोटो पाहून खूशच झाला, शेजारच्या टेबलवाल्याला बोलावून दाखवला. मग त्याने फॉर्म समोर ठेवले. फॉर्म 21, विक्री प्रमाणपत्र, विक्रेत्याचं. फॉर्म 22, गाडी रस्त्यावर चालण्यालायक आहे याचं प्रमाणपत्र, उत्पादकाचं. "कंपनी कोणती?" त्याने विचारलं. पोरगा म्हणाला, "मीच बनवली, साहेब." "ते कळलं. पण कंपनी कोणती?"

केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 126 आहे. नव्या गाडीचा नमुना आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा. हे उत्पादकासाठी आहे, हजारो गाड्या विकणाऱ्यासाठी. एकच गाडी बनवणाऱ्याला तो खर्च झेपणारा नाही. आणि जुन्या नंबराच्या गाडीवर नवी बॉडी चढवायची म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत. दोन्ही दारं बंद.

रागाने घरी आलो खरा. रात्री झोप लागेना तेव्हा दुसरी बाजू दिसली. उद्या माझी मुलगी अशाच कुणाच्या घरगुती गाडीत बसली आणि वेल्ड सुटलं तर? समोरून येणाऱ्या माणसाचं काय? कायदा मूर्ख नाही. रस्त्यावर माझ्यासोबत दुसरेही आहेत, हे तो सांगतो. फक्त तो मला हे सांगत नाही की माझी वेल्ड पक्की आहे की नाही, ते तपासायला मी कोणाकडे जाऊ.

ब्रिटनने हाच पेच सोडवला, आणि गाड्यांवर बंदी घालून नव्हे. 1998 पासून तिथं एकेका गाडीची वेगळी तपासणी होते. 2009 नंतर तिचं नाव बदललं, नियम अधिक कडक झाले. घरी बनवलेली गाडी ट्रेलरवर घालून केंद्रावर न्यायची. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर, कुठे टोकदार कड बाहेर आलीय का, सीटबेल्ट कुठे बांधलाय, सगळं पाहतात. नापास झाली तर यादी देतात, दुरुस्त करून पुन्हा या. पास झाली की नंबर. जुन्या भागांमुळे जिचं वय ठरवता येत नाही अशा गाडीला क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो. तो पाहून विकत घेणाऱ्याला समजतं की ही कुणीतरी जोडलेली आहे. लपवाछपवी नाही, लाजही नाही. दर जिल्ह्यात नको, महाराष्ट्रात असं एक केंद्र असलं तरी तो पोरगा टेम्पोत गाडी घालून तिथं गेला असता. नापास झाला असता तर यादी घेऊन परत आला असता. यादी म्हणजे शिक्षणच.

2021 च्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहार कारागिराची भंगारातली छोटी जीप देशभर गाजली, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी त्याला बोलेरो दिली आणि ती जीप आपल्याकडे मागून घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं की ती नियमात बसत नाही. म्हणजे गाडीचं कौतुक झालं आणि तिची जागा संग्रहात ठरली. बनवणाऱ्याला बक्षीस मिळालं ते दुसऱ्याने बनवलेली गाडी.

मीराचा नंबर, एमएचके 1906, मी त्या पोराला दाखवला. तो बराच वेळ फोनवर फोटो मोठा करून पाहत होता. मला वाटलं नंबर पाहतोय. तो चाकं पाहत होता.

सध्या त्याची गाडी शेतातच चालते. वडील सकाळी तिच्यात बसून विहिरीपर्यंत जातात. डांबरी रस्ता ओलांडायचा असला की तो उतरून गाडी ढकलत नेतो, इंजिन बंद करून. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यात वेल्डर लागतील या आशेवर त्याने अर्ज तयार ठेवलाय. 2018 मध्ये त्या कारखान्याचं भूमिपूजन झालं तेव्हा तो शाळेत होता, डिसेंबर 2020 मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाल्याची बातमी मीच वर्गाच्या ग्रुपवर टाकली होती.

गेल्या रविवारी तो आला होता. अब्बा आता फारसे बोलत नाहीत, पण त्याने गाडीचं बॉनेट उघडल्यावर खुर्ची पुढे सरकवायला सांगितली. बोटाने पत्र्यावर टकटक केलं. म्हणाले, "जाड पत्रा घेतला तू. वजन वाढलं." मग पुढच्या दोन तासांत फायबरचा साचा कसा करतात, मेण कुठे लावतात, रेझिनमध्ये हार्डनर किती टाकतात हे सगळं त्याला सांगितलं. पोरगा वहीत लिहून घेत होता. उर्दूत लिहीत होता आणि 'हार्डनर'च्या स्पेलिंगला अडला, तेव्हा दोघांनी माझ्याकडे पाहिलं.